जाणाऱ्याला ‘आपण’ म्हणणारी गाणी

२०१७च्या ऑगस्ट महिन्यात सुन्मी या कोरियन गायिकेचे ‘गाशिना’ हे गाणे आले. त्यातली तरुणी स्वतःला सोडून निघालेल्या माणसावर बोटांच्या पिस्तुलाने नेम धरते आणि विचारते, माझ्यासारख्या देखण्या मुलीला टाकून आपण निघालात का? या प्रश्नातले ‘आपण’ मराठी करताना मी पदरचे घातलेले नाही. कोरियन भाषेत ‘जाणे’ या क्रियापदाचा धातू ‘गा’ असा आहे आणि त्याला ‘शि’ हा आदरार्थी प्रत्यय लागला की ‘गाशि’ होते, आपल्याकडे ‘तू जातोस’चे ‘आपण जाता’ होते त्याच चालीवर. शेवटचा ‘ना’ प्रश्न विचारतो. पण ‘गाशि’ म्हणजे काटासुद्धा, आणि ‘गाशिना’ हा अख्खा शब्द आग्नेयेकडच्या ग्यॉंगसांग भागातल्या बोलीत मुलीला उद्देशून, काहीसा झटकून, वापरला जातो. जाणाऱ्याचा मान, मागे राहिलेलीचा काटा आणि तिचे पोरपण अशा तीन गोष्टी एकाच शब्दात बसवल्या आहेत. कोरियन प्रेमभंगाची गाणी समजून घ्यायची असतील तर या एका शब्दाचे बोट धरून चालणे सोयीचे पडते, कारण त्यातले ‘गाशि’ या गाण्यांत सहाशेहून अधिक वर्षे मुक्कामाला आहे.

गोर्यो राजवटीच्या, म्हणजे ९१८ ते १३९२ या काळातले ‘गाशिरी’ नावाचे एक गीत आहे; ते कोणी रचले हे कोणालाच ठाऊक नाही. त्यात मागे राहणारी व्यक्ती म्हणते की निघालात का, मला टाकून खरोखरच निघालात का. धरून ठेवले असते, पण राग आला तर आपण पुन्हा येणारच नाही याची भीती वाटते. म्हणून जाऊ देते, मात्र निघालात त्याच पावली परत या. घरातून बाहेर पडताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला या शेवटच्या विनवणीतली धडपड वेगळी समजावून सांगायला नको. कोरियन घरांतूनही बाहेर पडणारा ‘जाऊन येतो’ असेच म्हणतो.

त्यानंतरची पायरी म्हणजे ‘आरिरांग’ हे लोकगीत. २०१२ साली युनेस्कोने दक्षिण कोरियाच्या वतीने त्याची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली, आणि जगभर ते कोरियाचे जणू दुसरे राष्ट्रगीत म्हणून ओळखले जाते. राष्ट्रगीताच्या तोलामोलाच्या या गाण्याच्या सर्वांत प्रसिद्ध कडव्यात चक्क एक शाप आहे: मला टाकून जाणाऱ्या प्रियाचे पाय दहा ‘री’ चालण्याआधीच दुखू लागतील. दहा री म्हणजे सुमारे ४ किलोमीटर. वाटोळे होवो, वीज पडो, असे काही नाही. पाय दुखावेत एवढेच मागणे आहे, आणि त्यामागचा हिशेब उघड आहे, कारण चार किलोमीटरवर लंगडणारा माणूस परत वळू शकतो. गंमत म्हणजे हा शाप देतानाही क्रियापद ‘गाशि’ हेच आहे आणि प्रियकरासाठी ‘निम’ हा आदराचा शब्द आहे. ज्याला शाप द्यायचा त्यालाही अहोजाहो करणारी भाषा रागाला एका मर्यादेपलीकडे जाऊ देत नाही, आणि या गाण्यांची सगळी धार त्या आवरून धरण्यातूनच येते, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी कवी किम सोवॉल यांची. १९०२ ते १९३४ एवढेच आयुष्य लाभलेल्या या कवीची ‘जिन्दाल्लेकोत’ ही कविता १९२२ साली एका मासिकात आली आणि १९२५ साली त्याच नावाच्या संग्रहात समाविष्ट झाली. जिन्दाल्ले हे कोरियाच्या डोंगरांवर वसंताच्या सुरुवातीला, पाने फुटण्याच्या आधी उमलणारे गुलाबी-जांभळे फूल आहे. कवितेतली व्यक्ती म्हणते की माझा वीट येऊन आपण जाल, तेव्हा मी काही न बोलता आपल्याला निरोप देईन. यॉंगब्यॉनच्या याकसान डोंगरावरची ही फुले ओंजळ भरभरून आणीन आणि आपल्या वाटेवर पसरीन. पावलागणिक ती हलकेच तुडवत आपण जावे. आणि जीव गेला तरी मी रडणार नाही. (हेच यॉंगब्यॉन आता उत्तर कोरियाच्या अणुभट्टीमुळे बातम्यांत येते, हा काळाचा खेळ.) दक्षिण कोरियातल्या शाळांत ही कविता शिकवतात, आणि ‘रडणार नाही’ याचा अर्थ ‘रडून रडून अर्धी होईन’ असा उलटा घ्यायचा, हे मुलांना तिथेच समजते. २००३ साली माया या गायिकेने ह्याच कवितेला रॉकची चाल देऊन गाजवले, तेव्हा श्रोत्यांना शब्द शिकवावे लागले नाहीत. सुन्मीच्या ‘गाशिना’मागे एवढी परंपरा उभी आहे. तिथे वाटेवरच्या फुलांना काटे फुटले आहेत, पण आदरार्थी प्रत्यय शाबूत आहे.

हा आदर कुठून आला, याचे उत्तर ‘निम’ या शब्दात सापडते. जुन्या कोरियन कवितेत निम म्हणजे प्रियकर, धनी, राजा, देव, यांपैकी कोणीही असू शकते. बौद्ध भिक्षू आणि कवी हान योंग-उन यांनी जपानी राजवटीत, १९२६ साली, निमच्या मौनावर जो संग्रह लिहिला, त्यात दुरावलेला निम हा प्रियकर आहे, बुद्ध आहे की गमावलेला देश आहे, हे वाचकाने ठरवायचे असते. ज्ञानेश्वरांच्या विराण्या वाचलेल्या माणसाला ही दुहेरी वाट अनोळखी वाटणार नाही.

इथे ‘हान’ या शब्दाविषयी थोडे बोलावे लागेल, कारण कोरियन दुःखाचा विषय निघाला की हा शब्द हटकून पुढे केला जातो. हान म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या साचलेली, बोलून न दाखवलेली सल, आणि कोरियन माणसाच्या रक्तातच ती असते, असे सांगितले जाते. शब्द खरा आहे, पण कोरियन कलेचा आत्माच शोकात आहे ही मांडणी १९२०च्या दशकात ठळकपणे केली ती यानागी मुनेयोशी या जपानी समीक्षकाने, आणि राज्यकर्त्या देशातल्या माणसाने अंकित देशाला ‘उदास सौंदर्य’ बहाल करावे यावर कोरियातच पुढे भरपूर टीका झाली. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी मोडलेल्या प्रेमाच्या गाण्याला हान चिकटवणे मला आळशीपणाचे वाटते. त्यापेक्षा कितीतरी नेमका शब्द ‘मिर्यॉन’ हा आहे. नाते संपले हे डोक्याला पटलेले असते, पण जीव तिथून निघत नाही. त्या अडकून राहण्याला मिर्यॉन म्हणतात. ज्या चिनी अक्षरांनी तो लिहितात त्यांचा शब्दशः अर्थ ‘अजून सराव झालेला नाही’ असा होतो, आणि याच उच्चाराच्या दुसऱ्या एका कोरियन शब्दाचा अर्थ मठ्ठपणा असा आहे. प्रेमभंगाची निम्मी गाणी या दोन अर्थांच्या मधल्या जागेत घडतात.

भाषेची आणखी एक करामत भाषांतरात हटकून हरवते. कोरियन वाक्यात कर्ता आणि कर्म दोन्ही गाळता येतात. ‘बोगो शिप्ता’ या दोन शब्दांचा अर्थ ‘पाहावेसे वाटते’ एवढाच. कोणाला वाटते आणि कोणाला पाहावेसे वाटते हे वाक्यात नसतेच. आठवण येणे या भावनेसाठी रोजच्या बोलण्यात हीच शब्दजोडी वापरतात, आणि किम बम-सू यांचे २००२चे याच नावाचे गाणे पुढे एका गाजलेल्या दूरदर्शन मालिकेत वाजल्यावर घराघरांत पोहोचले. शिवाय कोरियन क्रियापदाला लिंग नाही. मराठीत आणायला बसलो की पहिल्याच ओळीत ‘तू गेलास’ की ‘तू गेलीस’ हे ठरवावे लागते. ठरवले की निम्मे श्रोते बाहेर पडतात. मूळ गाण्यात मात्र ऐकणारा मुलगा असो वा मुलगी, जागा मोकळी असते. काळाचेही तसेच. डेसिक्स या वाद्यवृंदाच्या २०१७च्या एका गाण्याचे नाव ‘येप्पॉस्सॉ’, म्हणजे ‘सुंदर होतीस’ किंवा ‘सुंदर होतास’. भूतकाळाचा एक प्रत्यय लागला आणि नाते संपल्याची बातमी शीर्षकातच देऊन झाली.

हे सगळे प्रेमिकांपुरते नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. ताटातुटीसाठीचा कोरियन शब्द ‘इब्यॉल’ युद्धाने फार मोठा करून ठेवला आहे. १९५० ते १९५३च्या युद्धात लाखो माणसे दक्षिणेला पळाली आणि बुसान हे बंदराचे शहर निर्वासितांनी भरून गेले. युद्ध थांबल्यावर सोलला परतणाऱ्यांच्या गाडीवरचे, बुसान स्थानकावरच्या निरोपाचे नाम इन-सू यांचे गाणे १९५४ साली आले आणि ट्रॉट या जुन्या ठेक्याच्या गायनप्रकारात आजही ते गायले जाते. १९८३ साली केबीएस या सरकारी वाहिनीने युद्धात हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेणारा कार्यक्रम सुरू केला. तो १३८ दिवस चालला आणि दहा हजारांहून अधिक कुटुंबांची भेट झाली. ज्या देशातल्या आजी-आजोबांनी असा इब्यॉल पाहिला, तिथे नातवंडांच्या प्रेमभंगाच्या गाण्यातही स्थानक, गाडी आणि शेवटची नजर येत राहते, यात नवल नाही.

आज ज्याला कोरियात ‘बॅलड’ म्हणतात तो साचा मात्र बराच अलीकडचा आहे. विद्यापीठात शास्त्रीय पाश्चात्त्य रचनाशास्त्र शिकलेल्या यू जे-हा या तरुणाने १९८७ साली गाण्यांचा एकच संग्रह काढला. शब्द, चाल, वाद्यमेळ सगळे त्याचेच. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला, वयाच्या २५व्या वर्षी, मोटार अपघातात तो गेला. त्याने वापरलेल्या भरजरी स्वरमेळांवर पुढच्या दशकातले गायक उभे राहिले, आणि त्यांत ‘बॅलडचा सम्राट’ ही पदवी शिन सुंग-हुन यांना मिळाली.

साचा असा असतो. सुरुवातीला एकटा पियानो आणि जवळजवळ बोलल्यासारखा खालच्या पट्टीतला आवाज. त्यात साधे, घरगुती तपशील, जसे रस्ता, पाऊस, फोन, उरलेला कप. मग हळूहळू व्हायोलिने भरत जातात आणि ‘साबी’ येते. जपानी गायकवादकांकडून उसना घेतलेला हा शब्द ध्रुवपदासाठी वापरतात. तिथे आवाज एकदम वरच्या सप्तकाकडे झेपावतो. दुसऱ्या साबीनंतर एक वळण येते, आणि शेवटच्या साबीला अनेकदा संपूर्ण गाणेच अर्ध्या किंवा एका स्वराने वर सरकते. जे शब्द आधी दोनदा ऐकले तेच आता गळ्याला ताण देऊन येतात. साथीच्या स्वरमेळांतही एक युक्ती पुष्कळ वेळा असते. ‘सा’ला घर मानले, तर सोबतीचे स्वरमेळ ‘म’वर सुरू होतात, ‘प’वर चढतात, मग ‘ग’ आणि ‘ध’वर येऊन थांबतात आणि ‘सा’वर उतरायचे टाळून पुन्हा ‘म’कडे वळतात. कानाला घर दिसत राहते, पण पाय आत पडत नाही. मिर्यॉनची व्याख्या शब्दांऐवजी सुरांत करायची झाली, तर ती याहून नेमकी करता येईल असे वाटत नाही.

हा वरचा सूर श्रोत्यालाही गाठायचा असतो, कारण ही गाणी ऐकण्याइतकीच गाण्यासाठी लिहिलेली असतात. ‘नोरेबांग’, म्हणजे गाण्याची खोली, हा कोरियन शहरांतला रोजचा धंदा आहे. नाणी टाकून चालणाऱ्या छोट्या कोठड्यांत हजार वोनच्या नोटेत दोन-चार गाणी एकट्याने गाता येतात. पुरुषाच्या पट्टीतले गाणे स्त्रीच्या पट्टीत आणण्याचे बटण यंत्रावर असते, आणि गाणे संपले की पडद्यावर गुण झळकतात. रडून बसलेल्या आवाजाला यंत्राने वाजतगाजत भरघोस गुण द्यावेत, यात जो विनोद आहे तो कोरियन माणसाला चांगला ठाऊक आहे.

नोरेबांगमध्ये पिढ्या ओलांडून टिकलेले एक गाणे म्हणजे इम छांग-जॉंग यांचे २००३चे ‘सोजू हान जान’, म्हणजे ‘सोजूचा एक पेला’; सोजू ही कोरियन दारू. त्याची भाषा कान देऊन ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीच्या ओळी सौम्य, आदरार्थी बोलीत आहेत; रात्री दारूची आठवण झाल्यावर माणूस कोणा परक्याशी बोलावे तसा बोलतो. मग तो फोन लावतो, आणि ‘हॅलो, मी बोलतोय, तिकडे बरी आहेस ना’ म्हणताना त्याची बोली एकदम एकेरीवर येते. पलीकडून उत्तर नाही. तीन-चार मिनिटांच्या गाण्यात आदर कधी गळून पडला हे ज्याला ऐकू येते, त्याला पेला कितवा होता हे विचारावे लागत नाही.

बेक जी-यॉंग यांचे २००८चे ‘गोळी लागल्यासारखे’ हे दुसरे टोक. त्याचे शब्द आणि चाल बांग शी-ह्यॉक यांची. पुढे बीटीएस या जगप्रसिद्ध गटाला घडवणारे ते हेच. गाण्यात छातीला भोक पडले आहे, त्यातून आठवणी वाहत आहेत, आणि हात दाबून धरला तरी त्या बोटांच्या फटींतून निसटतात. प्रतिमा ढोबळ आहे, पण ती शेवटपर्यंत न सोडता हाताळली आहे. २०१८च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचे कलाकार प्योंगयांगला गेले तेव्हा बेक जी-यॉंग यांनी हेच गाणे तिथल्या प्रेक्षकांसमोर गायले. इब्यॉलचे दोन्ही अर्थ त्या सभागृहात एकत्र आले असणार.

आता पुढे निघण्याविषयी. मधल्या काळात नाती मोडण्याची तऱ्हाच बदलली आणि शब्दही नवे आले. न सांगता गायब होण्याला ‘जाम्सू इब्यॉल’ म्हणतात, म्हणजे पाण्यात बुडी मारून केलेली ताटातूट. एका नात्यातून उतरून थेट दुसऱ्यात चढण्याला ‘ह्वान्सुंग इब्यॉल’, म्हणजे मेट्रोच्या जंक्शनवर गाडी बदलावी तशी. मध्यरात्रीनंतर जुन्या जोडीदाराने पाठवलेला ‘झोपलीस का?’ एवढाच निरोप हा तर सार्वजनिक थट्टेचा विषय आहे. जिथे जाणारा निरोपच घेत नाही, तिथे वाटेवर फुले पसरायची कोणासाठी? गाण्यांना नवे उत्तर शोधावे लागले.

पहिले उत्तर होते दाखवून देण्याचे. एइली यांच्या २०१२च्या ‘बोयॉजुल्गे’मध्ये, म्हणजे ‘दाखवीनच’मध्ये, सोडलेली मुलगी पूर्ण बदललेली स्वतःची मूर्ती त्याच्यासमोर उभी करायची शपथ घेते. गाणे जोमदार आहे, पण जिला पुढे जायचे आहे तिला प्रेक्षक म्हणून तोच हवा आहे, ही त्यातली मेख ऐकणाऱ्याला जाणवते. दुसरे उत्तर प्रामाणिक क्षुद्रपणाचे. युन जोंग-शिन यांचे ‘जोन्नी’, म्हणजे ‘बरं वाटतंय का?’, २०१७च्या उन्हाळ्यात आले आणि कोणताही गाजावाजा नसताना हळूहळू लोकप्रियतेच्या यादीत अगदी वर चढले. नव्या माणसासोबत ती सुखी आहे हे याला सोसवत नाही, आणि तो सरळ म्हणतो की तुलाही थोडा त्रास व्हावा, माझ्या दुःखाच्या एक दशांश तरी, मग खुशाल सुखी हो. आरिरांगमधल्या चार किलोमीटरच्या शापाशी याचे नाते लगेच कळते. दोन्ही शाप मापून दिलेले आहेत. फरक एवढाच, की ‘जोन्नी’ हे एकेरी आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मिन्सॉ या गायिकेच्या आवाजात तिच्या बाजूचे उत्तरही आले: हो, बरं वाटतंय.

तिसरे उत्तर आकम्यू या भाऊबहिणीच्या जोडीचे, २०१९चे. त्याचे लांबलचक नावच एक युक्तिवाद आहे: ताटातुटीवरही प्रेम करणे कसे जमेल, प्रेम तर तुझ्यावर आहे. सोवॉलच्या फुले पसरणाऱ्या समंजसपणाला दिलेला इतका सभ्य नकार मला दुसरीकडे आढळलेला नाही. गाण्यातला हिशेब असा, की आपले प्रेम समुद्राएवढे खोल आहे, आणि ते आटेपर्यंत वाट पाहणे म्हणजेच वियोग; तर ते कसे व्हायचे?

आणि चौथे युन्हा यांचे ‘घटना क्षितिज’. भौतिकशास्त्रात कृष्णविवराभोवतीच्या ज्या सीमेपलीकडून प्रकाशसुद्धा परत येत नाही, तिला हे नाव आहे. २०२२च्या मार्चमध्ये आलेल्या या गाण्याकडे सुरुवातीला फारसे कोणी पाहिले नाही. मग महाविद्यालयांच्या उत्सवांत ते ऐकून मुले ते शोधू लागली आणि त्या वर्षीच्या शरदात ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. अशा उलट्या चालीला कोरियन लोक ‘यॉकजूहेंग’ म्हणतात, मूळ अर्थ रस्त्यावर उलट्या दिशेने गाडी हाकणे. गाण्यात विझलेल्या ताऱ्याच्या जागी अजून अंधुक पांढरा उजेड आहे, आणि काही दिवस तो अधूनमधून काढून पाहता येईल, असे ती व्यक्ती म्हणते. यात जाणारा कोणी एक नाही. दोघेही निघाले आहेत, म्हणून ‘गाशि’ला जागाच उरलेली नाही. शेवटची भेटवस्तू म्हणून ती फक्त एक टवटवीत ‘आन्यॉंग’ देते. कोरियन भाषेत भेटताना आणि निरोप घेताना, दोन्ही वेळा हाच शब्द म्हणतात.